दुसरा धागा

४ नोव्हेंबर
पुण्याहून ग्वाल्हेरला पोहोचले. नई सडकवर खोली मिळाली. घरमालकीण शालिनीताई मराठीच, पण दर वाक्याला हिंदीत घसरतात. मी आयटीवाली आहे हे कळताच म्हणाल्या, चलो, आता माझा टीव्ही ठीक होणार! झाला. बदल्यात पोहे मिळाले. बरे वाटते आहे.

५ नोव्हेंबर
कंपू भागातल्या एका खासगी रुग्णालयात रुजू झाले. एका सर्व्हरचे फायबर कार्ड सारखी जोडणी सोडते. पहिले काम तेच. फायबर म्हणजे प्रकाशाने माहिती नेणारी काचेची केबल; तिच्यात दोन धागे असतात. एक पाठवतो, एक घेतो. एकट्याने काहीच चालत नाही. छोट्या केबलने कार्डाचे पाठवणारे तोंड त्याच्याच घेणाऱ्या तोंडाला जोडले. पाठवलेले सगळे परत आले. म्हणजे कार्ड ठीक. दोष पुढच्या केबलमध्ये.
वरिष्ठ हेमेंद्रजी म्हणाले, आधीचा इंजिनिअर अपूर्वही इथवरच पोहोचला होता, मॅडम. तो का गेला, विचारले. डोळ्यांचा त्रास, म्हणाले, आणि चहा मागवला.

६ नोव्हेंबर
तिसऱ्या मजल्यावर जाऊन केबलचे दुसरे टोक स्वतः काढले, टोपी लावली. खाली येऊन पाहिले तर कार्ड अजून प्रकाश येतो आहे असे दाखवते. भरपूर. कार्ड बदलले. तेच.
केबलच्या तोंडाला डोळा लावायचा नसतो. लेसर दिसत नाही, पण जाळतो. आम्ही मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघतो. कॅमेऱ्यात काळोख होता. दुसरे टोक तर मीच काढले होते. म्हणून एकदाच, डाव्या डोळ्याने पाहिले.
आत काहीतरी मिटले आणि उघडले.

८ नोव्हेंबर
डाव्या डोळ्याला काही दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, डोळा निरोगी आहे. शालिनीताईंनी विचारले, कुणाला आँख मारते आहेस गं? हसू आले नाही.
अपूर्वला फोन केला. त्याने एवढेच विचारले, एक की दोन्ही? एक, म्हटले. मग तिथे परत जाऊ नकोस, म्हणाला. एकावर त्याचे भागत नाही.

९ नोव्हेंबर
कामावर गेले नाही. डाव्या डोळ्याला दिसू लागले आहे — पण ही खोली नाही. सर्व्हर रूम. कार्डाच्या जागेवरून. समोर रिकामी खुर्ची.

१० नोव्हेंबर
मी तिकडे जाऊ नये म्हणून खोलीला बाहेरून कुलूप लावायला सांगितले. किल्ली शालिनीताईंकडे.
खुर्चीवर कुणी बसले आहे. माझा कुर्ता. माझे हात —
उजव्या डोळ्याला वही दिसते. लिहिते आहे, म्हणजे मी इथेच —
तिने केबल उचलली. उजव्या डोळ्याशी —
ही ओळ मला दिस