वेळेआधीचा थकबाकीदार

ती. दाजींना साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय, तेव्हा साष्टांगातलं एक अंग बाकी ठेवतो (हल्ली माझ्या नावावर बाकी लावायची प्रथाच पडली आहे). ताईची कंबर कशी आहे? तुमचा खोकला? आमच्याकडे सगळे ठणठणीत, फक्त माझी पत अंथरुणाला खिळली आहे.

घराचं कर्ज मी कसं फेडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. हप्त्याची तारीख पाच, पण मी आदल्या महिन्याच्या अखेरीलाच भरून मोकळा (यावरून तुम्ही माझी केलेली टिंगल मी विसरलेलो नाही). घड्याळं दुरुस्त करणारा माणूस मी, उशीर म्हटला की अंगावर काटा येतो. तर बँकेने मध्यंतरी आमचं कर्ज, आम्हाला न विचारता, दुसऱ्या एका कंपनीच्या गळ्यात बांधलं. तिथला कॉम्प्युटर असा विद्वान, की अखेरीला भरलेला हप्ता त्याने ‘गेल्या महिन्याची जादा रक्कम’ म्हणून बाजूला ठेवला आणि पाच तारखेला पाहतो, तर हप्ता नाही! मारला थकबाकीदाराचा शिक्का. दर महिन्याला हेच. पैसे त्यांच्या खिशात आणि बोंब माझ्या नावाने!

मला कळलं केव्हा, तर धाकटीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि ‘वडिलांची पत खराब’ म्हणून तिचं शैक्षणिक कर्ज नाकारलं तेव्हा. पोरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर जुगारात घालवलंय. दाजी, खोटं कशाला सांगू, रडू आलं मला.

तसाच तणतणत कंपनीत गेलो. काचेआडच्या बाईंनी पावत्या पाहिल्या. चूक आमचीच म्हणाल्या, निस्तरायला तीन महिने लागतील म्हणाल्या, आणि वर आपुलकीने सांगितलं, “काका, एवढी घाई नका करत जाऊ. जरा उशिराच भरा.” चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ऐकून होतो, इथे संन्याशालाच चोरीचे धडे! मी इतका ओरडलो की शिपायाने पाणी आणून दिलं (प्यायलो. गार होतं). पण तीन महिने कॉलेज थोडंच थांबणार आहे?

ताईला नमस्कार.

आपला,
कागदोपत्री बुडवा मेहुणा

ता.क. जामीनदार दिला तर धाकटीचं कर्ज अजूनही मिळतंय. तुम्ही जन्मभर प्रत्येक हप्ता शेवटच्या दिवशी, तोही ताई करवादल्यावर भरत आलात, म्हणजे तुमची पत धुतल्या तांदळासारखी असणार. सहीला या. दाजी, भाचीसाठी तरी नाही म्हणू नका.

ता.क. नंबर दोन. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. शुक्रवारीच या. आधी येणाऱ्याचं काय होतं, ते वर लिहिलंच आहे.