दुबार खाती

सोमवार, ४

आज काय झालं, क्रमाने:

१. गाडी वेळेवर आली. सामान दोन बॅगा. काही हरवलं नाही.

२. खोली पसंत पडली. तिसरा मजला, खिडकी पूर्वेला, टेबल भक्कम. घरमालकीणबाईंनी किल्ली देताना विचारलं की एकटीच का, आणि उत्तराआधीच म्हणाल्या, बरंय, पाणी पुरेल.

३. कार्यालयात रुजू झाले. माणसं दोन. मला धरून तीन.

४. मंचावर माझं खातं उघडलं. नाव घेतलं 'काटेकोर'.

५. दुपारी कोणीतरी माझ्या टेबलावर न विचारता चहा ठेवला. या नोकरीत मी टिकेन असं वाटतं.

मंच म्हणजे प्रोग्रामिंग करणाऱ्यांचा ऑनलाइन चर्चामंच. अडलेला माणूस प्रश्न विचारतो, ज्याला येतं तो उत्तर देतो. शिवाय सूचनांचा विभाग आहे, तिथे सभासद नव्या सोयी मागतात. हे दोन्ही विभाग आता माझ्याकडे. ज्यांनी मंच काढला त्यांना सगळे काका म्हणतात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला खिळा म्हणतात, खुर्चीला ठोकल्यासारखा बसतो म्हणून. चहा त्यानेच ठेवला होता.

गुरुवार, ७

कामाची पद्धत समजली. एकच प्रश्न दोनदा आला की नवा प्रश्न 'दुबार' ठरवून जुन्याला जोडायचा. जुना राहतो, नवा त्यात मिसळतो. त्याची उत्तरं जुन्याखाली जातात. मला हे काम आवडतं. पसारा कमी होताना दिसतो.

खिळा म्हणाला की सभासद म्हणजे जावई, कितीही करा, तोंड वाकडंच. काकांनी मात्र काही जुन्या सभासदांना फोन करून ओळख करून घ्यायला सांगितलं. 'अर्धविराम' नावाच्या सभासदाला केला. मोकळा माणूस. मागून कोणीतरी ओरडत होतं. तो हसून म्हणाला की तो धाकटा भाऊ, दोघं एकाच टेबलावर काम करतात, आणि आत्ता वाद चार्जर कोणाचा यावर चालू आहे.

घरी फोन केला. आईला चिंता की मी जेवते की नाही. धाकटी मागून म्हणाली, ती जेवणाचंही वेळापत्रक लावून जेवत असेल. धाकटी माझी बहीण. तिचंही मंचावर खातं आहे, कॉलेजपासूनचं. माझं नाव ऐकून तिने त्याच मिनिटाला आपलं बदलून 'सैलसर' केलं.

मंगळवार, १२

सूचना विभागात एका मागणीला सर्वांत जास्त मतं पडली आहेत. काही लोक दोन-दोन खाती उघडून स्वतःच्याच उत्तरांना मतं देतात. तेव्हा प्रश्न जोडता तसे सभासदही जोडा.

काका म्हणाले, सभासदांनी मागितलं, आपण द्यायचं. नियम मी लिहिले. कोणत्याही सभासदाने जोडी सुचवावी. पुरेशा जणांनी 'सहमत' म्हटलं की ती माझ्या रांगेत येईल. नामंजूर करायची तर माझी आणि खिळ्याची, दोघांची संमती हवी, म्हणजे एकाची मर्जी चालणार नाही. आठवड्यात निर्णय झाला नाही तर जोडणी आपोआप होईल. तुंबलेली रांग मला सहन होत नाही. जुनं खातं राहील, नवं त्यात मिसळेल. बंद केलेलं खातंही जोडीतून सुटणार नाही, नाहीतर लबाड लोक खातं बंद करून पळतील.

परत फिरवायची सोय खिळ्याने ठेवली नाही. परतीची वाट ठेवली की काम दुप्पट, म्हणाला. मीही आग्रह धरला नाही.

सोमवार, १८

सोय सुरू झाली. पहिली जोडी: अर्धविराम आणि 'उलटाकंस'. लिहायची ढब एक, चुका एक, इंटरनेटचा पत्ताही एक. पुरावा चोख होता. बटण दाबलं. काकांनी पाठ थोपटली.

मग घरी परतताना चार्जरचा वाद आठवला. एकाच टेबलावरचे दोन भाऊ. एकच पत्ता असणारच.

चूक माझी. उद्या नाही तर परवा माफी मागेन, आणि धाकट्याला नवं खातं उघडून देईन.

बुधवार, २०

अर्धविरामला फोन केला. चूक सांगितली. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, कोणता भाऊ?

मला वाटलं, थट्टा. तसं म्हणाले. तो म्हणाला की तो आईवडिलांचा एकुलता एक. मी फोन ठेवणार तोच म्हणाला की तुम्ही हिशेबी दिसता, म्हणून एक विचारतो. कपाटात दोन मापांचे शर्ट आहेत. दोन्ही मापं त्याला बसतात. हे कसं?

मागून आवाज नव्हता.

खिळ्याला सांगितलं. तो आधी हसला. मग स्वतः फोन लावला, बोलला, ठेवला. नंतर बराच वेळ त्याने बोटं मोडली नाहीत, एरवी दिवसभर मोडतो. म्हणाला, शुक्रवारी सकाळी ती सोय बंद करतो, काकांना नंतर सांगू, ते आधी ऐकायचे नाहीत. आधी सगळ्याची प्रत घ्यावी लागेल, घाईत सर्व्हर बसला तर नसती आफत.

शुक्रवार, २२

खिळ्याची खुर्ची नाही.

टेबल आहे. त्यावर काकांच्या फायली आहेत. मी विचारलं तर काका म्हणाले, कोण खिळा? हे सांगताना ते बोटं मोडत होते, एकेक, करंगळीपासून. तसाच आवाज.

रांग पाहिली. 'संपलेल्या जोड्या' यात दुसरी नोंद: काकांचं खातं आणि खिळ्याचं. कारण मला ठाऊक आहे. काकांना टायपिंगचा कंटाळा. कित्येक वर्षं त्यांच्या नावाने उत्तरं खिळाच लिहीत होता. सभासदांनी हात ओळखला. 'सहमत' म्हणणारे पुष्कळ होते. मी बटण दाबलं नव्हतं. मंजूर करणाऱ्याच्या जागी काकांचं नाव आहे.

काकांना म्हटलं, सोय बंद करा. ते म्हणाले, सभासदांनी मागितलेली सोय सभासदांना विचारल्याशिवाय काढायची नाही. आणि तक्रार कोणाची आहे? एकाची तरी दाखव.

शोधलं. एकही नाही. असणार कोणाची?

दुपारी काकांनी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. न विचारता.

सोमवार, २५

आज रांगेत नवी जोडी आहे.

सैलसर आणि काटेकोर.

सुचवणाऱ्याने लिहिलंय की दोघींचा कोड शेजारी ठेवून बघा, ओळी सोडायची पद्धत, नावं ठेवायची पद्धत, सगळं एक. बरोबर आहे. तिला मीच शिकवलंय. आई म्हणतेच, एका माळेचे मणी.

तिचं खातं जुनं. माझं याच महिन्यातलं.

म्हणजे ती राहील. पुढच्या सोमवारी मी —

नीट लिहिते. पुढच्या सोमवारी जोडणी आपोआप होईल. मिसळणारं खातं माझं.

मंगळवार, २६

करून पाहिलं:

नामंजूर केलं. पान दुसरी संमती मागतं. दुसरा माणूस म्हणून खिळ्याचं नाव दिसतं, त्यावर टिचकी मारली की काकांचं पान उघडतं. काकांकडे गेले. ते म्हणाले, पुरावा चोख आहे, तूच लिहिलेल्या नियमात बसतो. आणि खांद्यावर हात ठेवून, अगं, तू आहेसच की इथे, घाबरतेस काय.

खातं बंद करून उपयोग नाही. तो नियमही माझाच.

'सहमत' वाढत आहेत. ओळखीची नावं. माझ्याशी चांगलं बोलणारी माणसं. त्यांना वाटतंय, ते आवराआवरीला मदत करत आहेत.

आईचा फोन आला. म्हणाली, आज तुझा आवाज अगदी धाकटीसारखा येतोय. सर्दी झालीय, म्हटलं. झालेली नाही.

बुधवार, २७

एक वाट आहे. दिवसभर तिच्याकडे पाहतेय.

धाकटीने आपलं खातं बंद करून नवं उघडलं तर जोडीत बंद खात्याची जागा ते नवं घेईल, आणि तिचं माझ्यापेक्षा नवं ठरेल. जोडी तीच राहील, क्रम उलटेल. राहीन मी.

दुपारी तिला फोन केला. फक्त आवाज ऐकायला. निदान तसं स्वतःला सांगितलं. ती खुशीत होती. नोकरीच्या मुलाखतीला जायचंय, ताई, तुझा निळा कुर्ता घातला तर रागावशील का, म्हणाली. मग आपणहून म्हणाली की तिला ते सैलसर नाव आता नको, मुलाखतीत कोणी खातं पाहिलं तर हसतील, आणि नाव दुसऱ्यांदा बदलता येत नाही. खातंच बंद करून नवं काढू का? तू सांग, तू त्या खात्यातली मोठी साहेबीण.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, ताई? ऐकतेयस ना? करू का बंद?

एक शब्द. 'कर.' तिला कधी कळलंही नसतं. कोणालाच नसतं. आईलाही नाही.

मी म्हटलं, नको. जुनं खातं जुनंच राहू दे. काहीही झालं, कोणीही सांगितलं, तरी बंद करायचं नाही. मी सांगितलं तरी नाही. शपथ घ्यायला लावली. ती हसली. म्हणाली, झाला तुझा थोरलेपणा सुरू. कुर्त्याचं सांग.

घाल, म्हटलं.

गुरुवार, २८

बटणाची वाट कोणी पाहत नाही असं दिसतं. 'सहमत'चा आकडा वाढला की माझ्यातलं तेवढं जातं.

शाळेत बक्षीस मिळालं तो दिवस आठवत होते. व्यासपीठ, टाळ्या, मी पायऱ्या चढतेय. पण मला पायऱ्या दिसत नाहीत. मला मी दिसते. मागून. वेणी, पांढरी रिबीन, लांब होत जाणारी. मी खाली खुर्चीत बसलेय आणि पाय जमिनीला टेकत नाहीत.

आज मला माझीच पाठ आठवली.

घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या. खोली भाड्याने द्यायची आहे, पाहायची का, असं त्यांनी मला विचारलं. किल्ली माझ्या हातात होती.

शुक्रवार, २९

आईला फोन केला. तिने उचलताच धाकटीच्या लाडक्या नावाने हाक मारली. मी म्हटलं, आई, मी. ती म्हणाली, तूच गं, दुसरं कोण. मुलाखत कशी झाली?

चांगली झाली, असं मी सांगितलं. आणि मला खोलीतली माणसं आठवली. तिघंजण, मधल्याचा चष्मा दोरीला बांधलेला. मी तिथे गेले नव्हते.

— मी गेले नव्हते. हे लिहून ठेवते.

आई म्हणाली, लहानपणी एकटीला कंटाळा यायचा तुला, सारखी भिंतीशी बोलायचीस —

फोन ठेवला.

मग मंचावर प्रश्न टाकला. साधा. सैलसर, तुला थोरली बहीण आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही. लगेच उत्तर आलं: नाही. आणि त्याखाली, पण असती तर आवडलं असतं.

वर पाहिलं. उत्तर देणारी, सैलसर. प्रश्न विचारणारीच्या जागीही सैलसर.

अंगात निळा कुर्ता आहे. तो घरी होता. तो तिने —

शनिवार, ३०

काल रात्रीत 'सहमत' दुप्पट झाले. आता मंचावर लिहिणार नाही. इथे लिहून या पानाचा फोटो आईला पाठवते. अक्षर माझं आहे. आई अक्षर ओळखते. ओळखायची.

आई, फोन करू नकोस, आवाज ऐकलास तर तुला तीच वाटेल. लिहूनच उत्तर दे.

आपल्या घरी आम्ही दोघी बहिणी होतो. संगणक जेवणाच्या टेबलावर होता, आणि एकदा दुपारी तू पडदे ओढलेस, स्क्रीनवर ऊन येत होतं म्हणून. पहिला प्रोग्राम चालला. तू दारात उभी होतीस. तू पाहिलंयस. खुर्चीत धाकटी, आणि मागे मी, तिच्या हातावर हात ठेवून —

नाही. खुर्चीत मी आहे. हातावर कोणाचा तरी हात आहे, गरम, नखं बारीक कापलेली. मान वळवते. मान वळत नाही —

आई, मागे कोण उभं होतं, एवढंच कळव. उद्या, रविवारी संध्याकाळपर्यंत. सोमवारी उत्तर आलं तर ते वाचायला मी