एका रेघेने खोडावं

ता. ३ जून

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, तुझी वहिनीही. दोन्हींची सवय झाली आहे. मोजणीदाराने स्वतःचं घर मोजू नये हा नियम, म्हणून ती म्हणते, आपलं घर कायमचं हिशेबाबाहेर.

आता कामाचं. बेरोजगारीच्या मोजणीत माझ्या वाट्याच्या बेचाळीस घरांत अकरा माणसं बेकार निघाली. प्रत्येक दार मी तीनदा ठोठावलं आहे. काल तुमच्या मुख्य कार्यालयातून तक्ता परत आला, पुन्हा सही करा म्हणून. अकराच्या जागी चार! रबराने इतकं घासलंय की कागद उजेडाला धरला तर पलीकडचं दिसतं. चूक झाली तर एका रेघेने खोडावं, जुना आकडा वाचता यावा, शेजारी सही करावी. पाटीवर हे मी तुला शिकवलं. माझ्यासारख्या शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला कळतं ते तिथल्या पदवीधरांना कळू नये? तू तिथे कायदा अधिकारी आहेस. विचारून कळव.

तुझा दादा

ता. १२ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

विचारलं. आकडे आधी मंत्र्यांच्या टेबलावर जातात, मग आमच्याकडे रबर फिरतं. ते थांबावं म्हणूनच दोन वर्षं मी नव्या कायद्याचा मसुदा लिहिते आहे: प्रसिद्धीआधी आकडा कुणी मागायचा नाही, मनात आलं म्हणून आमच्या सांख्यिकी संचालकाला कुणी हटवायचं नाही. महिनाअखेर तो सभागृहात येतोय. आत्ता बोभाटा झाला तर गुंडाळून ठेवतील. दादा, एवढी एक सही कर. रागावशील, माहीत आहे. पण रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी छोटी

ता. ९ जुलै

चि. छोटीस आशीर्वाद.

कायदा झाला, अभिनंदन. छापील प्रत मागवून दोनदा वाचली. कलम नऊ: आकडे ‘मंत्र्यांच्या पूर्वसंमतीने’ प्रसिद्ध होतील. बाकी सगळी कलमं स्वातंत्र्याची. दार भक्कम, कडी तेवढी बाहेरून. हे तू लिहिलंस की तुझ्याकडून लिहून घेतलं, विचारत नाही. मसुद्यावर सही तुझीच असणार.

मी चारावर एक रेघ मारली, अकरा लिहिलं, शेजारी सही केली. परवा मला कामावरून काढलं.

पुढच्या मोजणीत आमचंही घर येईल, कारण मोजणारा मी नसेन. येईल त्याला सांगेन: बेकार एक, वय त्रेपन्न. तो कागद तुझ्या टेबलावर आला तर घासू नकोस. एका रेघेने खोड. शेजारी सही कर.

दिलेले आशीर्वाद परत घेता येत नाहीत, म्हणून आहेतच.

दादा