दुर्बिणीतला सरळ माणूस

१२ मार्च १९५७, नाल्याकाठचा तळ

पोचलो एकदाचा! चांद्याहून इथवर ट्रकनं हाडं खिळखिळी केली, पण जागा पाहिली आणि सगळा शीण पळाला. नाल्याला घोटाभर पाणी, काठावर सागाची सावली, हवेत मोहफुलांचा गोड वास. खडकीच्या मेसमध्ये निरोप देताना मंडळी म्हणाली, "शितोळे, तुला काळ्या पाण्यावर धाडलं." धाडलं कसलं, मी मागून घेतलं! फायली खरडायला मी सॅपर, फौजेतला इंजिनिअर, झालो नाही.

काम सरळ आहे. इथून नाला ओलांडून पलीकडच्या पेरमेटा गावापर्यंत रस्त्याची लाईन पावसाआधी आखून द्यायची. पावसाळ्यात त्या गावाचा जगाशी संबंध तुटतो. गेल्या वर्षी एक अडलेली बाई नाल्याच्या पुरापायी पलीकडच्या काठावरच दगावली. हे मला पोचूनं सांगितलं. पोचू माझा खलाशी, म्हणजे लाईनवर लाल-पांढरी दांडी धरून उभा राहणारा माणूस. पेरमेट्याचाच. चाळिशीचा, काटक आणि भलता बोलघेवडा. मुलीचं, मंगलीचं, यंदा लग्न आहे हे त्यानं पहिल्या भेटीतच मला दोनदा ऐकवलं आणि जेवायचं आमंत्रणही देऊन टाकलं.

१४ मार्च

आज यंत्र लावलं. आमच्या या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं: आभाळ खाली, जमीन वर, माणूस डोक्यावर उभा. आम्हाला इतकी सवय झालेली असते की त्याचं काही वाटत नाही. पोचूला बघू दिलं तर तो हसता हसता खाली बसला. म्हणाला, "आन् मले बी असंच उलटं टांगून पायता काय जी?" त्याला दुर्बिणीतली उभी तार दांडीवर कशी आणायची ते शिकवलं. पठ्ठ्यानं चटकन उचललं.

१९ मार्च

लाईन नाल्यापार गेली. पलीकडच्या टेकाडावर ऐन लाईनीत एक जाड, जुनी खुंटी होती, डोक्यावर लोखंडी खिळा मारलेली. कुणा आधीच्या सर्वेवाल्याची असणार. अशा चुकार खुंट्या घोटाळा करतात म्हणून स्वतःच्या हातानं उपटून फेकली.

संध्याकाळी पेरमेट्याचा भुमक आला, गावचा पुजारी, कोलू. मला वाटलं भांडेल. पण म्हाताऱ्यानं हात जोडले. ती सर्वेची खुंटी नव्हती म्हणे. गावची शीव तिनं बांधली होती. शिवेवर उभ्या राहणाऱ्याला तिच्याखाली बसवलं होतं, आणि एकदा उठला की तो पुन्हा बसत नाही. त्याच्या हातात काठी असते. ती जो घेईल त्याला त्याच्या जागी उभं राहावं लागतं आणि आधीचा सुटतो. लाईन दुसरीकडून ने, एवढंच त्याचं मागणं होतं. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की बाबा, दुसरीकडे दलदल आहे, पहिल्याच पुरात रस्ता वाहून जाईल. अठ्ठेचाळीस साली काश्मीरात मी हातानं सुरुंग वेचलेत. खुंटीला भ्यायला लागलो तर झालंच!

२१ मार्च

भर दुपार. दुर्बिणीत पोचू, नेहमीसारखा उलटा, हातात दांडी. त्याच्या मागे, खुंटीच्या खड्ड्यापाशी, आणखी एक माणूस.

तो सरळ दिसत होता. पाय खाली, डोकं वर.

दुर्बिणीवरून डोळा काढून पाहिलं तर पोचू एकटाच. पुन्हा दुर्बिणीत पाहिलं, तर दोघं. भिंगं पुसली. यंत्र उतरवून पुन्हा लावलं. तरी दोघंच. ऊन फार आहे. उन्हात हवा हलते आणि काहीबाही दिसतं, हे शिकलेलं आहे. तरीही मी दचकलो, ते का लपवू?

२२ मार्च

आज तो पोचूच्या जवळ आला आहे. हातात काठी आहे. ती तो पोचूपुढे धरतो आहे. पोचू माझ्याकडे बघून दात काढत उभा, त्याला पत्ताच नाही. मी इथून अशा शिव्या हासडल्या की झाडावरचे वानर पळाले. काम थांबवलं नाही. उलट आणखी पुढे नेलं. मला कोण अडवतो बघतोच.

२४ मार्च

पोचूला सगळं सांगितलं. न सांगता त्याला तिथं उभं करणं हरामखोरी झाली असती. साखळी ओढणारी, झाडी तोडणारी बाकीची माणसं ऐकताच पसार झाली. हा गेला नाही. बिडी पेटवून म्हणाला, "तुमी थांबले, तं मी काऊन पळू? रस्ता माह्या गावचा हाय जी." घरी जा म्हणालो तर रागावला. मुलीचं लग्न तोंडावर आहे रे, म्हणालो. तर म्हणे वऱ्हाडी याच रस्त्यानं येतील.

असा माणूस मला पलटणीतही क्वचित भेटला.

२५ मार्च

काठी पोचूच्या मोकळ्या हाताच्या बोटांना टेकली. पोचूची बोटं उघडली— आपोआप. त्याला कळलंही नाही. मी ओरडलो, दांडी टाकून धावत ये म्हणून. आला. हात बर्फासारखा. विचारलं तर म्हणाला, मुंग्या आल्या होत्या, बाकी काही नाही.

भीती वाटते. लिहून टाकतो— वाटते. पण लाईन वाकवणार नाही. शेवटची एकच खुंटी राहिली आहे, टेकाडावर त्या खड्ड्याजवळची.

२६ मार्च

ठरलं. आमच्यात रीत आहे: सुरुंगाच्या वाटेवर पहिला पाय अधिकाऱ्याचा. उद्या दांडी मी धरणार. पोचू यंत्रावर. तार दांडीवर आली की झेंडी वर करायची, बस्स. तो नाही नाही म्हणाला. मी साहेबी आवाज काढला.

काठी कुणाच्या तरी हातात देणारच असेल तर माझ्या दे म्हणावं. पोचूच्या नाही.

२७ मार्च, टेकाडावर

दांडी रोवून उभा आहे. वही खिशातच होती, पोचू तार जुळवेपर्यंत लिहितो. डोळ्यांना इथं कुणी दिसत नाही. पण आहे. मानेवर श्वास आहे, आणि त्या श्वासाला ऊब नाही.

डाव्या तळव्याला काठी टेकली. गार.

घेतली! दे म्हटलं, आण इकडे—

पोचूनं झेंडी वर केली. लाईन बरोबर आहे. लाईन झाली! शेवटची खुंटी मारली. आता रस्ता होईल. बाजूनं कुणीतरी पळालं, गवत दबत गेलं—

आभाळ खाली आहे.

तंबू वर लटकतोय. नाला वर. झाडांचे शेंडे खाली. डोळे चोळले. तसंच. दुर्बीण नाही माझ्या डोळ्याला, काहीच नाही, नुसते डोळे—

पाय हलत नाहीत.

पोचू उलटा दिसतो. नुसत्या डोळ्यांनी इकडे बघतो आणि मला हाका मारतो, साहेब कुठी गेले, म्हणून. अरे, इथंच आहे! दुर्बिणीला डोळा लावतो आणि गप्प होतो. मग पुन्हा डोळा काढतो, पुन्हा लावतो. तोंडावर हात धरलाय त्यानं.

ओरडतो आहे. ऐकू जात नाही त्याला.

काठी आता गार लागत नाही. ती पुढे जायला बघते, कुणाच्या तरी हाताकडे. मी मुठीत आवळून धरली आहे. शितोळे म्हणतात मला. बघू कोण सोडवतो—

पोचू यंत्र सोडून निघाला. पळतो आहे. इकडेच. रडतो आहे, हात पुढे करून. नको रे. लग्न आहे ना घरी? मागे फीर गाढवा! हुकूम आहे माझा—

मूठ उघडणार नाही. मेलो तरी नाही. पोचू, हात मागे घे, हात मा—