सहा चाळीसची फेरी

२ नोव्हेंबर, रविवार

शिस्त! आता शिस्तीशिवाय गत्यंतर नाही. वेळापत्रक तयार केलं. दोन तास लागले. चार रंगांत, ठळक अक्षरांत. फ्रिजवर क्लिपने टांगलं.

पहाटे ५.३० उठणे. ५.४५ दोरीच्या उड्या. ६.०० माउथ ऑर्गन (बाल्कनीत, दार लावून). ६.३० जपानी. ७.०० गोगलगायी – निरीक्षण. मग डबे, दुकान. संध्याकाळी ६.०० जलरंग. ६.४० अप्पा. ७.०० बुद्धिबळाचं एक कोडं.

नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, यात स्वयंपाक कधी आहे? विसरलेच होते. बाण काढून बाजूला घुसवला, त्याच्यापुढे त्याचं नाव लिहिलं. 

अप्पांनी मात्र चष्मा लावून सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. म्हणाले, “उद्यापासून लागू?” हो म्हटलं. मान हलवली आणि परत खिडकीजवळच्या खुर्चीत.

त्या खुर्चीचंच सगळं आहे. आई गेल्यापासून अप्पा आमच्याकडे आहेत आणि दिवसभर त्या खुर्चीत. चौतीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर होते – कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, का रद्द झाली, सगळं रजिस्टरात. आता काय विचारलं तरी ‘बरं आहे’. डॉक्टर म्हणाले, त्यांना कशात तरी गुंतवा. दादाचा फोनवर एकच धोशा – तुझ्याच्याने होत नसेल तर मी तीस तारखेला येऊन घेऊन जातो, आमच्या इमारतीत वयस्करांचा क्लब आहे. मी म्हटलं, होईल माझ्याच्याने. मला नकोत अप्पा जायला. म्हणून तर ६.४० अप्पा. रोज वीस मिनिटं नुसत्या गप्पा.

३ नोव्हेंबर

उठले ७.१०ला.

४ नोव्हेंबर

उठले ७.०५. प्रगती! गजर मीच बंद केला म्हणे, नवरा साक्षीला आहे.

दुकानात एक बाई उशीचा अभ्रा घेऊन आल्या. भिंतीला हाच रंग हवा, पण थोडा आनंदी. रंगाच्या दुकानात शेड मिसळायचं काउंटर माझं, त्यामुळे असली माणसं माझ्याच वाट्याला. तीन डबे वाया गेले. मालक बघत होते. चौथा जमला! त्या खुश, मी खुश, मालक सोडून सगळे खुश.

येताना जुन्या पुस्तकांच्या गाडीवर गाठींचं पुस्तक मिळालं. दोरीच्या सदतीस गाठी, चित्रांसकट. उभ्या उभ्या अकरा वाचल्या. घरी पोचायला साडेसात. अप्पा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. मी आले तशी उठून गेले. उद्या नक्की.

७ नोव्हेंबर

जपानीची कॅसेट लावली तर धडा पाचवा! मी पहिल्याच्या पुढे गेलेलेच नाही. टेप बिघडला बहुतेक.

खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, सकाळचा तुमचा बाजा आता कानाला बरा लागतो. मी माउथ ऑर्गन गेल्या महिन्यापासून तोंडाला लावलेला नाही. टोमणा मारावा तर असा! मीही गोड हसून आभार मानले.

९ नोव्हेंबर, रविवार

सुधारित वेळापत्रक. संध्याकाळ कुणाची आपल्या हातात असते का? अप्पांना सकाळी ७.१०ला घेतलं. दहा मिनिटं, पण मन लावून. जुन्या कागदावरच नवा टांगला. अप्पांनी वाचला.

१० नोव्हेंबर

सकाळी ७.१०ला मी एक मोजा शोधत घरभर. अप्पा टेबलाशी – दाढी केलेली, भांग पाडलेला. काही हवंय का विचारलं. “नाही, तुझं चालू दे.” ७.२०ला उठून गेले. काय ते कळलं नाही. मोजा फ्रिजवर होता.

१३ नोव्हेंबर

निळ्या रंगाची ट्यूब संपली. आख्खी! मी दिवाळखोर चित्रकार आहे हे खरं, पण न काढलेल्या चित्रांना एवढा निळा कसा लागला? नवऱ्यावर संशय घेतला. तो म्हणाला, मी काय निळा खातो?

१५ नोव्हेंबर

तिसरी आवृत्ती. सकाळी माणूस धड बोलू शकत नाही. अप्पा – रविवारी दुपारी ४.००, चांगला तासभर. तुकड्या तुकड्याने देण्यापेक्षा हे बरं.

१६ नोव्हेंबर, रविवार

लाज वाटते लिहायला, पण लिहिते. तीन वाजता तिसऱ्या कुंडीत गोगलगायीची अंडी दिसली. भिंग घेऊन बसले. चार वाजता अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीच्या दारात खुर्ची घेऊन बसले. मी विचारलं, बाहेर जायचंय का कुठे? नाही म्हणाले. म्हटलं, दोन मिनिटं हं अप्पा. भिंगातून डोकं वर काढलं तर सव्वापाच! खुर्ची रिकामी. शर्ट काढून घडी घालून ठेवलेला.

गोगलगायीला एवढा वेळ देते आणि बापाला देत नाही. काय बाई आहे मी.

२० नोव्हेंबर

चौथी आवृत्ती, गाठी आणि नव्याने शिवायला घेतलेली गोधडी धरून. या वेळी सगळं नीट, फूटपट्टीने रेघा मारून उतरवलं. आता कसं सुटसुटीत दिसतंय!

२२ नोव्हेंबर

दादाचा फोन. नेहमीचंच, क्लब वगैरे. मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर अप्पांनी फोन हातातून घेतला आणि म्हणाले, “येतो.” एवढंच. फोन परत माझ्या हातात.

मी विचारलं, इथे तुम्हाला काय कमी पडलं? म्हणाले, “तसं नाही ग. बदलीचा कागद निघाला की जायचं असतं.” कसली बदली? ते खुर्चीत जाऊन बसले. मी बाथरूमचा नळ सोडून रडले.

२४ नोव्हेंबर

दोरीच्या उड्या नाहीत. गाठी नाहीत. काही नाही. दुकानात पांढऱ्यात पांढरा मिसळला.

२८ नोव्हेंबर

अप्पांची बॅग भरायला अर्धी सुट्टी घेतली. ते खाली पेपर आणायला गेले होते. फ्रिजवरचं ते सुटसुटीत वेळापत्रक डोळ्यांत खुपायला लागलं. चारही कागद क्लिपमधून ओढून काढले, फाडणार – तर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं. रकाने पाडून. अप्पांचं अक्षर.

‘३/११. ५.४५ दोरी – गुडघा, फेरी रद्द. ६.०० बाजा – वेळेवर सुटली. ६.३० जपानी – धडा १. ७.०० गोगलगायी – ४ हजर. सायं. ६.०० रंग – आकाश काढले. ६.४० अप्पा – हजर. दुसरे कोणी नाही. ७.००पर्यंत थांबलो. ७.०० बुद्धिबळ – सुटले नाही.’

रोजचं, एकही दिवस न चुकता! मी घोरत असताना हा माणूस बाल्कनीत बाजा वाजवत होता. ‘निळा संपला, मागणी करावी.’ ‘जपानी धडा ९, उच्चार कठीण.’ हसू येत होतं आणि खाली वाचवत नव्हतं. कारण मध्ये मध्ये – ‘७.१० अप्पा – हजर. ती मोजा शोधत होती.’ ‘४.०० अप्पा – हजर. गोगलगायींमुळे विलंब १ तास १५ मि. परत फिरलो.’

आणि चौथ्या कागदामागे, २१ तारखेला – ‘नवीन वेळापत्रकात अप्पा नाही. फेरी बंद.’

कागद उलटा केला. खरंच नाही! गाठी आहेत, गोधडी आहे, गोगलगायी दोनदा आहेत. सुटसुटीत करताना उतरवायचेच राहिले. भिंतीवर कागद लागला की तो हुकूम, हे ज्याने चौतीस वर्षं पाळलं त्याच्यासमोर मी हा कागद टांगला.

अप्पा आले तेव्हा मी फ्रिजसमोर जमिनीवर बसले होते. सांगून टाकलं – उतरवताना चुकलं, तुम्हाला काढलं नव्हतं, तुम्ही जाऊ नका, मला तुम्ही इथेच हवे आहात. त्यांनी चष्मा लावून कागद परत वरपासून खालपर्यंत वाचला.

“उतरवताना चूक झाली तर शुद्धिपत्रक काढावं लागतं,” म्हणाले.

काढलं. ‘६.४० अप्पा. दररोज. ही फेरी कोणत्याही कारणाने रद्द होणार नाही.’ अप्पांनी खाली माझी सही मागितली. तारीखही घालायला लावली.

२९ नोव्हेंबर

दुकानातून धावत आले. ६.३८! अप्पांनी जपानीत काहीतरी विचारलं, मला ओ की ठो कळलं नाही. तुमची मुलगी रोज उशिरा का येते, असा अर्थ आहे म्हणे. धडा आठवा.

३० नोव्हेंबर, रविवार

दादा साडेसहाला आला, रिकामी बॅग घेऊन. आवरा म्हणाला, परतीची गाडी आठची आहे. अप्पांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं.

“सातपर्यंत थांब. आत्ता आमची वेळ आहे.”

दादा आठच्या गाडीने एकटाच गेला.