सोळा इंची आरसा आणि तीन पट्ट्या

मी, चैताली भीमराव ओव्हाळ, वय २९, व्यवसाय एम्बेडेड सॉफ्टवेअर, राहणार विश्रांतवाडी, पुणे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. प्रकृती उत्तम आहे. खराडीची माझी कंपनी मला पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवत आहे. मागे एक वस्तू राहते आणि तिच्यावर दुसऱ्यांचा डोळा आहे, एवढेच कारण.

आई म्हणाली, "या वयात पोरी लग्नपत्रिका छापतात, आणि तू हे लिहितेस?" बाबा भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, "कागदावर नाही ते आपलं नाही. लिही."

१. धानोरीचा फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी आणि विम्याची रक्कम आई कांताबाई व बाबा भीमराव यांना समान.

२. लॅपटॉप भाऊ बुद्धभूषण यास. पासवर्ड त्याला माहीत आहे. हे मला माहीत नाही असे त्याला वाटते.

३. सोळा इंची दुर्बीण. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

ही दुर्बीण मूळची आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाची. पेटी प्लायवुडची, चौघांनी उचलायची. एका शिबिरात टेम्पोतून नेताना आत आरसा खडखडला. तेव्हापासून प्रथाच पडली: प्रत्येक शिबिराआधी कोणीतरी जाणता सभासद पाना घेऊन आरसा धरून ठेवणाऱ्या कडेच्या तिन्ही पट्ट्या आणखी थोड्या आवळी. काळजीपोटीच. पण काच तीन ठिकाणी दाबली गेली आणि तारे तिकोनी दिसू लागले. मंडळाने ठरवले, पुण्याची हवा बिघडली.

मी सभेत म्हटले, पट्ट्या सैल करून पाहू. अध्यक्ष श्री. श्रीनिवास लेले म्हणाले, "अहो ओव्हाळ, सॉफ्टवेअरमध्ये स्क्रू नसतात." सगळे हसले. पुढच्या वर्षी दुर्बीण भंगारात काढायचे ठरले तेव्हा मी ती मागितली. लेले सर म्हणाले, "न्या हे भंगार. जागा तरी रिकामी होईल." हे तोंडी झाले. कागद केला नाही. ती चूक आज दुरुस्त करत आहे.

पुढचे काम माझे आणि नाजिमा मैनुद्दीन शेख हिचे. नाजिमा माझी पॉलिटेक्निकपासूनची मैत्रीण, रामटेकडीला वडिलांचे वर्कशॉप तीच चालवते. आम्ही पेटी मोडून आठ ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा केला. आता दुर्बीण सुटी होऊन मारुती ८०० मध्ये मावते. आरशाखाली त्याचे वजन सारखे वाटून घेणारा अठरा बिंदूंचा आधार नाजिमाने बसवला. दुर्बीण किती अंश फिरली ते सांगणारे सेन्सर आणि त्यांचे सॉफ्टवेअर माझे. शेवटी नव्या पट्ट्या लावताना नाजिमाने विचारले, "चैती, एवढ्या सैल? आरसा पडला म्हणजे?"

"पडणार नाही. तो बसलाय, टांगलेला नाही."

पट्टी आणि काच यांत माझे व्हिजिटिंग कार्ड सरकवले, स्क्रू टेकवला, कार्ड काढून घेतले. तेवढीच फट. त्या दिवसापासून तारे गोल आहेत.

यंदा १४ एप्रिलला, जयंतीच्या सकाळी, ती आमच्या बुद्धविहाराच्या अंगणात लावली. ऊन आरशावर येऊ नये म्हणून भिंतीच्या सावलीत. मावळत्या चंद्रावर सेन्सर जुळवून घेतले आणि नुसत्या आकड्यांवर दुर्बीण पूर्वेला वळवली. निळ्या आकाशात शुक्राची कोर मधोमध उभी होती. पहिला मान वस्तीतल्या सगळ्यात वडील शकू मावशींचा.

"अगं, हा तर चंद्र!"

"चंद्र तिकडे, टाकीच्या मागे."

"मग हा कोण?"

"शुक्र."

"भरदिवसा?"

"रोज असतो, मावशी. बघत कोणी नाही."

रांग फाटकाबाहेर गेली. मिरवणुकीचे ढोल खोळंबले. वाजवणारेच रांगेत होते. त्याच रांगेत लेले सर उभे होते, टोपी हातात घेऊन. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "आज हवा चांगली आहे."

मी म्हटले, "हवा तीच आहे, सर."

पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या कार्यकारिणीने दुर्बीण परत मागितली. मंडळाच्या खोलीत कुलूपबंद राहील, सभासदांसाठी. ती मला दिली होती हे ऐकणारे बाकीचे आता विसरले आहेत.

म्हणून लिहिते: माझ्या पश्चात दुर्बीण, सुटे भाग आणि सोल्डरिंगची हत्यारे नाजिमाची. मी परदेशी असेपर्यंत ताबाही तिचाच. अट एकच, दर जयंतीला सकाळी ती विहाराच्या अंगणात लागावी आणि रांगेत कोणालाही सभासद आहात का, असे विचारू नये.

४. सॉफ्टवेअर मागेल त्याला द्यावे. त्यातल्या टिपा मराठीत आहेत. त्या पुसू नयेत.

५. जुन्या तीन पट्ट्या, त्यांच्या स्क्रूंसह, श्री. लेले यांना.

पुरवणी, आजचीच: वकील द्वारका साळवे यांनी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार न झालेले बरे. पट्ट्या किंवा सही, दोन्ही नाही. मला सही हवी आहे. म्हणून कलम ५ रद्द. पट्ट्या लेले सरांना आज समक्ष हातात दिल्या.

सरांनी कलम ३ दोनदा वाचले. "ते 'भंगार' तेवढं काढता येईल?"

"नाही, सर."

"बरोबर आहे. मी तसंच म्हणालो होतो. पेन द्या."

वरील मजकूर माझा, वाचून पाहिला, बरोबर आहे.

चैताली भीमराव ओव्हाळ
विश्रांतवाडी, पुणे. रविवार, १७ मे २००९

साक्षीदार:
१. ॲड. द्वारका साळवे
२. श्रीनिवास लेले. कलम ३ खरे आहे. दुर्बीण मीच दिली. पट्ट्या मिळाल्या.