टेम्पोची लोडशीट

सोम. ३ नोव्हें.
सूनबाई नापास झाली त्याचा खरा खर्च: फी गेली ती गेली, वर तिची एक रजा, तिच्या हातून फुटलेला माझा आवडता कप, आणि आठवडाभर अळणी आमटी. शनिवारी पुन्हा परीक्षा. पास झाली तर विमानाच्या लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या हिशेबाला, बसेल, नाहीतर परत चेक-इन काउंटर. मानसीचं पाठांतर भिंतीपलीकडून ऐकतो. आकड्यांना अडत नाही. ‘झीरो फ्युएल वेट’ आलं की आवाज खाली जातो.

मंगळ. ४
विचारलं, अडतेस कुठे गं? “बाबा, त्याच्या आधी ऑपरेटिंग वेट, नंतर टेकऑफ वेट. गोंधळ होतो.” म्हटलं, आपला केटरिंगचा टेम्पो घे. रिकामा टेम्पो, ड्रायव्हर, मी, शेगड्या: ऑपरेटिंग. वर जेवणाचे टोप चढले: झीरो फ्युएल. डिझेल धरलं: टेकऑफ. तिने तिन्ही बोटांवर मोजली. मग हसली.
आमटीत मीठ.

गुरु. ६
आज मोमेंट. वजन गुणिले अंतर. अंतर कुठून? तर डेटम नावाच्या रेषेपासून, ती काही विमानांत नाकाच्याही पुढे.
“हवेतून टेप लावायची?”
“ठरवलेली रेषा, बाबा. सगळ्यांनी तिथूनच मोजायचं.”
वरणाचा टोप आधी उतरतो म्हणून आम्ही पार मागे ठेवतो. पुलाच्या चढावर स्टिअरिंग हलकं लागतं ते त्यामुळेच. म्हणजे येत होतं मला, फक्त इंग्रजी नाव...

शुक्र. ७
सरावाला रविवारच्या ऑर्डरची लोडशीट. टोपांची वजनं मी नजरेने सांगितली. “काट्यावर घालू या ना.” अगं, पंचवीस वर्षं जेवणं घालतोय, नजर हाच काटा. माझ्या नावापुढे तिने प्रवाशाचं ठरावीक वजन लिहिलं. खोडायला लावलं. माझं ७२, लग्नापासून तेच. आतून आमची ही खोकली.

शनि. ८
पेपर झाला. “बरा गेला.” एवढंच.

रवि. ९
हॉलवर जाताना भरलेला टेम्पो मानपाड्याच्या वजनकाट्यावर. मानसी मागून स्कूटीवर. तिच्या शीटपेक्षा २० किलो जास्त. चेहरा पडला. “तीनदा बेरीज केलेली, बाबा. पेपरातपण असंच केलं असणार मी.”
गोडाऊन जवळच. टेम्पो परत फिरवला, एकेक टोप तांदळाच्या काट्यावर. सगळे माझ्या नजरेइतके. ड्रायव्हर चढला, तोही बरोबर. म्हणाला, “शेठ, आता तुम्ही.”
निकाल बुधवारी.
माझं वजन ९२.